शिवथरचा करंटा

गेल्या भाद्रपदांत महाडाहून शिवथरच्या घळीकडे जात असतां एस. टी.च्या गाडींत शेजारीं बसलेल्या एका वृद्ध गृहस्थांनीं आपल्या गांवच्या तरुण पिढीविषयीं आपला अभिप्राय आम्हांस सांगितला. "पोरांच्या अंगांत उमेदच नाहीं हो. शिकलीं सवरलीं, पण कांहीं करावें असें त्यांना मनापासून वाटतच नाहीं." थोड्याबहुत शब्दांच्या फरकानें हाच अभिप्राय महाड आणि पोलादपूर ह्या दोन्ही तालुक्यांतल्या ओट्याओट्यांवर ऐकूं येतो, आणि तो सांगणाऱ्याच्या तरुणपणींहि त्याच्याविषयीं कोणीतरी तोच सांगत असावा. तो खरा कीं खोटा हें ठरविण्यास लागणारी सामग्री आमच्याजवळ नाहीं. आम्हांस त्यांत वाङ्मयाचा एक प्रश्न दिसला, आणि तोच येथें मांडण्याचा विचार आहे.

ज्याच्या अंगांत उमेद नाहीं अशा मनुष्याचें, जुन्या मराठींतलें बहुधा सर्वांत बारकाईचें चित्र ह्याच खोऱ्यांत रेखाटलें गेलें अशी संप्रदायाची श्रद्धा आहे. धुळ्याचे शंकर श्रीकृष्ण देव यांनीं १९३० सालीं शिवथरची घळ शोधून काढली, आणि तेव्हांपासून दासबोधाचें जन्मस्थान म्हणून तिचें नांव सर्वतोमुखीं झालें. वीस दशक, दोनशें समास आणि साडेसात हजारांवर ओंव्या असा हा विस्तीर्ण ग्रंथ. त्यांत अठराव्या दशकाचा पांचवा समास करंटपरीक्षेचा आणि एकोणिसाव्या दशकाचा तिसरा समास करंटलक्षणांचा आहे. मूर्खलक्षणें आणि पढतमूर्खाचीं लक्षणें सर्वांस ठाऊक असतात. तीं लहानपणीं पाठ करून घेतलेलीं असतात. करंटा मात्र ग्रंथाच्या शेवटाकडे असल्यामुळें पुष्कळांची त्याच्याशीं गांठ पडत नाहीं. आमच्या मतें समर्थांच्या सर्व लक्षणसमासांत हाच अधिक खोल आहे, कारण मूर्ख हा हास्याचा विषय होऊन सुटतो, पण करंट्याकडे पाहतांना हंसूं येत नाहीं.

त्याचें चित्र समर्थ कसें काढतात पाहा. करंट्यास आळस गोड लागतो आणि यत्न नकोसा वाटतो, येथून आरंभ होतो. मग तो भ्रमल्यासारखा, डोळ्यांवर सदा झोंप असलेला, तोंडास येईल तें बोलणारा असा दिसूं लागतो. त्यास लिहितां येत नाहीं, वाचतां येत नाहीं, बाजारांत सौदा करतां येत नाहीं, हिशेब राहत नाहीं, ऐकलेलें ध्यानांत टिकत नाहीं. हातांतली वस्तु तो हरवितो, सांडतो, फोडतो. भल्यांची संगत त्यास रुचत नाहीं, आणि मित्र जमवितो ते तेवढे लबाड असतात. ह्या वर्णनांत एकहि उपमा नाहीं. क्रियापदांमागून क्रियापदें येतात आणि वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढें एक ढिला पडलेला देह उभा राहतो. समर्थ मनुष्याचें मन शोधण्यास त्याच्या मनांत शिरत नाहींत. त्याचे हात काय करीत आहेत हें ते पाहतात. निद्रानिरूपणाच्या समासांत तर ह्या दृष्टीचा कळसच झाला आहे. निरूपणास बसलेले श्रोते जांभया देतात, चुटक्या वाजवितात, डुलक्या घेतात, दचकून चहूंकडे पाहतात, आणि एकजण तर असा उलथून पडतो कीं वीणाच फुटते. चिमणरावांचें चऱ्हाट वाचून पोट धरणाऱ्या मराठी वाचकास ह्या समासाचा विसर पडावा हें नवल आहे.

परंतु हें सारें वाचून झाल्यावर एक प्रश्न उरतो. हा मनुष्य असा कां झाला? समर्थ तें सांगत नाहींत. वैद्यकांत रोगाचें निदान पांच अंगांनीं करतात : हेतु, पूर्वरूप, रूप, उपशय आणि संप्राप्ति. समर्थांच्या समासांत रूप भरपूर आहे, आणि पुढच्याच सदेवलक्षणाच्या समासांत उपशयहि आहे. हेतूची जागा तेवढी कोरी आहे. करंट्यास आळस आवडतो, एवढेंच ते सांगतात. आळस कां आवडतो म्हणून विचारलें तर तो करंटा आहे म्हणून, असें वर्तुळ पुरें होतें.

येथें समर्थांच्या बाजूनें एक गोष्ट सांगितली पाहिजे. ती न सांगणें अन्यायाचें होईल. 'करंटा' आणि 'सदेव' हे दोन्ही शब्द मूळचे दैवाचे आहेत. ज्याचें नशीब फुटकें तो करंटा, ज्यास दैव अनुकूल तो सदेव. लोकांच्या तोंडीं हे शब्द असतांना त्यांत मनुष्याच्या कर्तृत्वास जागाच नव्हती. समर्थांनीं हेच दोन शब्द उचलले आणि त्यांतलें दैव काढून टाकून तेथें संवयी भरल्या. हिशेब न ठेवणारा तो करंटा, ठेवणारा तो सदेव! दैवाच्या कोठारांतून काढलेला शब्द हिशेबाच्या वहींत आणून ठेवणें हें सतराव्या शतकांतलें लहानसहान काम नव्हे. सदेवलक्षणाचा आरंभच मुळीं, मागें सांगितलेलीं लक्षणें विवेकानें सोडून द्यावीं, असें सांगून होतो. म्हणजे तीं सुटतात हें गृहीत आहे. चौदाव्या दशकांतल्या चातुर्यलक्षणांत हाच विचार अधिक स्पष्ट आहे. रूप अभ्यासानें येत नाहीं, पण जे गुण बाहेरून मिळवितां येतात ते मिळवावे, असा त्याचा आशय आहे. 'महत्त्वाकांक्षा' हा शब्द दासबोधाच्या भांडारांतला नाहीं. समर्थांचे शब्द यत्न आणि साक्षेप. आणि ज्या 'उमेदी'चा लोप झाला म्हणून आमचे शेजारी हळहळत होते ती फारसींतून आलेली. तिच्या संगतीची हिंमत आणि जिद्द ह्या अरबी घराण्यांतल्या. ह्यावरून कोणीं मराठी स्वभावाविषयीं अनुमान काढूं नये, एवढीच विनंति.

राजवाड्यांनीं समर्थांच्या ह्या अंगावरच आपली सर्व भिस्त ठेविली. इतर संतांनीं महाराष्ट्रास सहिष्णु केलें आणि रामदासांनीं जयिष्णु केलें, ही त्यांची मांडणी प्रसिद्ध आहे. रानड्यांनीं १९०० सालच्या आपल्या इंग्रजी ग्रंथांत सर्वच संतांस राष्ट्राच्या उठावणीचें श्रेय दिलें होतें. ह्या वादांत आमचा कल रानड्यांकडे आहे. जो कुणबी वर्षाचें भात झोडून झाल्यावर पंढरीची वाट चालूं लागतो त्याच्या पायांस निरुत्साही म्हणण्यास आम्ही धजणार नाहीं. पण दोन्ही थोर पुरुषांनीं एक गोष्ट सारखीच मानली होती : उपदेश मनुष्याच्या कानीं पडला कीं त्याची वाट मोकळी असते. ती मोकळी नसली तर काय, हा प्रश्न शिवथरच्याच तालुक्यांत विचारला गेला, आणि तोहि ग्रंथांत नव्हे.

करंटलक्षणांत लिहितां वाचतां न येणें हें आळस आणि सांडलवंड ह्यांच्या मधोमध घातलेलें आहे. समर्थांच्या डोळ्यांपुढें शिकणें शक्य असून न शिकणारा मनुष्य होता, ह्यांत शंका नाहीं. पण ज्यास शाळेच्या पायरीवर चढूंच दिलें नाहीं तोहि ह्याच ओंवींत येऊन पडतो, आणि वाचणारास त्या दोघांत भेद दिसत नाहीं. महाडजवळच्या रावढळ गांवचे गोपाळ बाबा वलंगकर फौजेंतून निवृत्त होऊन आले आणि १८८८ सालीं त्यांनीं अस्पृश्यतेचा जाब विचारणारें पुस्तक प्रसिद्ध केलें. त्यानंतर थोड्याच वर्षांत सरकारनें महारांची फौजेंत भरती बंद केली. ज्या वाटेनें ह्या खोऱ्यांतल्या कित्येक महार कुटुंबांत अक्षर आणि पेन्शन हीं दोन्ही आलीं, ती वाटच बुजली. दहा पांच वर्षांनीं कोणी परका त्यांच्या वस्तींतून फिरता आणि तरुण मंडळी रिकामी बसलेली पाहता, तर त्यानें दासबोध उघडून अठरावा आणि एकोणिसावा दशक वाचून दाखविला असता.

दासगांवचे रामचंद्र बाबाजी मोरे यांचें आत्मचरित्र ह्या दृष्टीनें वाचण्यासारखें आहे. १९०३ सालीं जन्मलेले मोरे पुढें आंबेडकरांच्या चळवळींतले व नंतर कम्युनिस्ट पक्षाचे कार्यकर्ते झाले. आत्मचरित्र त्यांच्या हातून अपुरें राहिलें. त्यांचे पुत्र सत्येंद्र मोरे यांनीं पुढील भाग लिहून तें पुरें केलें आणि २००३ सालीं तें प्रसिद्ध झालें. शिष्यवृत्तीची परीक्षा उत्तीर्ण झालेल्या ह्या मुलास महाडच्या इंग्रजी शाळेंत अस्पृश्य म्हणून प्रवेश नाकारला गेला. मुलानें गाऱ्हाणें वृत्तपत्रापर्यंत नेलें, तेव्हां प्रवेश मिळाला, पण तो इतर मुलांपासून वेगळें बसण्याच्या बोलीवर. दहाअकरा वर्षांच्या पोरानें हें केलें. आमच्या मनांत मात्र ह्या ठिकाणीं दुसराच एक मुलगा येतो. तो मोऱ्यांइतकाच हुशार होता, परीक्षा त्यानेंहि दिली, नकार त्यासहि मिळाला, आणि तो घरीं परतला. त्याचें आत्मचरित्र नाहीं. गांवानें त्यास पुढें काय म्हटलें असेल?

ह्याच तालुक्यांत रायगडाच्या पायथ्याच्या नाते गांवीं १८९६ सालीं चिंतामणराव देशमुख जन्मले. मॅट्रिकला पहिले, आय. सी. एस.ला पहिले, रिझर्व्ह बँकेचे पहिले हिंदी गव्हर्नर, पुढें अर्थमंत्री. उमेदीचें याहून मोठें उदाहरण ह्या खोऱ्यास दाखवितां येणार नाहीं. १९७४ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या इंग्रजी आत्मचरित्राचें नांव 'द कोर्स ऑफ माय लाइफ' असें आहे, आणि त्या नांवांत प्रवाहाची कल्पना सहज येऊन बसली आहे. पाणी उतारानें जातें तसें आयुष्य पुढें गेलें, असें जणुं लेखक सुचवितो. ह्यांत देशमुखांच्या बुद्धीस किंवा परिश्रमास कमी लेखण्याचा आमचा मुळींच हेतु नाहीं. तसली हुशारी दर पिढींत जन्मास येत नाहीं. पण वडील वकील, घरांत संस्कृत, आणि प्रत्येक पायरीवर पुढची पायरी दिसत असलेली, हा जो उतार होता तो त्यांनीं स्वतः खणलेला नव्हता. मोऱ्यांच्या पुस्तकांत प्रवाह नाहीं. तेथें एकामागून एक दारें आहेत आणि प्रत्येक दारापाशीं थांबणें आहे. सात वर्षांच्या अंतरानें जन्मलेल्या एकाच तालुक्यांतल्या दोन माणसांचीं हीं दोन पुस्तकें शेजारीं ठेवून वाचलीं म्हणजे आकांक्षा हा गुण कोठें राहतो, मनुष्याच्या अंगांत कीं त्याच्या वाटेंत, असा विचार मनांत आल्यावांचून राहत नाहीं.

चवदार तळ्याची कथा सर्वांस परिचित आहे. आमच्या विषयापुरता तिचा एकच भाग येथें घ्यावयाचा आहे. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांस खुले करावे असा सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदेमंडळांत ऑगस्ट १९२३ मध्यें संमत झाला. महाडच्या नगरपालिकेनें १९२४ च्या आरंभीं तळें खुलें केल्याचें जाहीर केलें. आणि तळ्यावर अस्पृश्यांनीं ओंजळ भरली ती २० मार्च १९२७ रोजीं! मधलीं तीन वर्षें काय झालें? ठराव होता, तळें होतें, तहानहि होती. पाणी मात्र कोणीं घेतलें नाहीं. दूरच्या मनुष्यास ह्याचा अर्थ एकच दिसला असता : हक्क दिला तरी हे लोक उठत नाहींत. त्याच संध्याकाळीं परिषदेच्या मंडपांत शिरून प्रतिनिधींवर जो लाठीमार झाला त्यावरून त्या तीन वर्षांच्या स्तब्धतेचें कारण कळतें. तें आळसांत नव्हतें. लोकांस आपल्या गांवाचें यथार्थ ज्ञान होतें. पुढें नगरपालिकेनें आपला ठराव मागें घेतला, प्रकरण न्यायालयांत गेलें, आणि मुंबईच्या हायकोर्टाचा निकाल लागावयास मार्च १९३७ उजाडला. करंटपरीक्षेच्या समासांत अशा स्तब्धतेस जागा नाहीं. न हलणारा हात समर्थांस दिसतो; तो कां हलत नाहीं हें पाहण्यास हातापासून दृष्टि काढून समोरच्या घाटाकडे वळवावी लागते.

आतां कोणी असें म्हणेल कीं, हें सर्व मान्य केलें म्हणजे आळशी असा कोणी उरतच नाहीं. ज्याच्या त्याच्या आळसास समाज जबाबदार! ही शंका आम्हांसहि छळते, आणि ती निवारण करण्याऐवजीं आमच्या घरांतलाच दाखला देतों.

पोलादपुराकडच्या आमच्या घरीं दोन चुलते होते. थोरल्यांस सारे तात्या म्हणत. ते मुंबईस गिरणींत साचेखात्यांत होते आणि गांवकीच्या खोलींत इतर चाकरमान्यांबरोबर राहत. १८ जानेवारी १९८२ रोजीं सुरू झालेला गिरण्यांचा संप मोडल्यावर, किंवा तो रीतसर कधीं मिटलाच नाहीं असें म्हणतात तर संपाचें बोलणें विरून गेल्यावर, तात्या गांवीं परतले आणि ओट्यावर बसले. पुढें वीस वर्षें ते बसलेच होते. कोणी कोंबड्या पाळण्याचें सुचवी, कोणी महाडच्या औद्योगिक वसाहतींत पहारेकऱ्याची नोकरी पाहून देई. तात्या मान हलवीत आणि विषय पावसावर नेत. घरांत त्यांस 'करंटा' हाच शब्द होता, आणि तो वापरणारांत आम्हीहि होतों. त्यांच्या पश्चात् त्यांची ट्रंक उघडली तेव्हां तींत हिशेबाच्या वह्या निघाल्या. गिरणीचे हजेरीचे दिवस, पगार, खोलीचें भाडें, गांवीं पाठविलेली मनिऑर्डर. आणि संपानंतरहि दर महिन्याचें पान आंखलेलें, तारखा घातलेल्या, भाताची आवक आणि पावसाची झड नोंदलेली. ज्या एका लक्षणावर समर्थांनीं एवढा भर दिला तें ह्या मनुष्याच्या ठायीं मुळींच लागू पडत नव्हतें. हिशेब त्यांनीं मरेपर्यंत राखिला. हजेरीचा रकाना तेवढा कोरा होता, आणि तोहि ते प्रत्येक पानावर आंखीत असत.

धाकट्या चुलत्यांविषयीं मात्र आमच्याजवळ असें कांहीं सांगण्यासारखें नाहीं. त्यांची गिरणी बंद पडली नाहीं, कारण ते गिरणींत गेलेच नाहींत. शाळेंत जागा होती, शेत होतें, बैल होते, भावाच्या मनिऑर्डरी होत्या. ते सूर्य डोक्यावर येईपर्यंत निजत, मागून उसनें घेतलेलें विसरत, आणि पाटावर बसलें कीं हातून तांब्या सांडल्यावांचून जेवण होत नसे. आम्ही पुष्कळ कारणें शोधलीं. एक शिक्षक वाईट भेटला होता. लहानपणीं हिंवताप झाला होता. थोरल्या भावाच्या कर्तबगारीच्या छायेंत ते वाढले होते. ह्यांपैकीं एकहि कारण पुरें पडत नाहीं. हिंवताप साऱ्या गांवास झाला होता. ह्या ठिकाणीं समर्थांच्या समासापुढें आम्हीं हात टेंकले. शिवथरच्या करंट्याचें चित्र आमच्या धाकट्या चुलत्यांस समोर बसवून काढलें असतें तर याहून हुबेहूब झालें नसतें. आणि ते फार प्रेमळ होते, हें लक्षण समासांत नाहीं.

तिसराहि एक वर्ग आहे, आणि त्यास हात न लावतां पुढें जाणें बरें नव्हे : ज्यास पुष्कळ कांहीं मिळवितां आलें असतें आणि ज्यानें तें नको म्हटलें तो. दासबोधांत त्याचें नांव निस्पृह, आणि त्यास अकराव्या व अठराव्या दशकांत मोठा मान आहे. ओट्यावरून पाहिलें तर करंटा आणि निस्पृह दोघेहि सारखेच बसलेले दिसतात. समर्थांचा निस्पृह मात्र बसलेला नसतो. तो गांवोगांव फिरतो, माणसें जोडतो आणि समुदाय उभा करून पुढें निघून जातो. स्वतःसाठीं कांहीं नको असणें आणि कांहींच नको असणें ह्यांतला भेद समर्थांइतका स्वच्छ फारच थोड्यांनीं पाहिला. आजच्या यशस्वितेच्या पुस्तकांत, ज्यांचे ढीग महाडच्या स्टँडवरहि लागलेले असतात, पहिल्याचा उल्लेखच नसतो. तेथें अधिक हवें असणें एवढीच उमेद.

आम्ही शाळेंत असतां आमचे एक गुरुजी करंटलक्षण मोठ्या रसाळपणें वाचून दाखवीत. झोंपाळूपणाची ओळ आली कीं त्यांची नजर शेवटल्या बाकाकडे वळे, आणि तिच्यामागून साऱ्या वर्गाची वळे. त्या बाकावरचा मुलगा डोंगरावरच्या धनगरवाड्यावरून पहांटे निघून शाळेंत येई; पावसांत ओढा भरला म्हणजे त्यास वळसा पडे. दुसऱ्या तासाला त्याचे डोळे मिटत. तो चौथ्या इयत्तेनंतर दिसला नाहीं. गुरुजी दुष्ट नव्हते. समास त्यांस पाठ होता आणि मुलगा समोर होता, एवढेंच. क्रमिक पुस्तकासाठीं अथवा पाठांतराच्या स्पर्धेसाठीं दासबोधांतले वेंचे निवडणारांस आमची एवढीच सूचना आहे कीं, एकोणिसाव्या दशकाचा तिसरा समास कधीं एकटा देऊं नये. त्याला लागून चौथा द्यावा, चौदाव्या दशकांतल्या चातुर्यलक्षणाच्या ओंव्या द्याव्या, आणि शिकविणारासाठीं टीप म्हणून दासगांवच्या त्या मुलाची शाळाप्रवेशाची हकीकत चार ओळींत छापावी.